मोपाच्या सड्यावरची पिवळी फुलं

गोव्याला जाऊन आले म्हटलं की लोक आधी समुद्राचं विचारतात. मी समुद्र पाहिला नाही. देवळं पाहिली नाहीत, काजूसुद्धा आणले नाहीत. चतुर्थीच्या तोंडावर गेले आणि गणपती बसायच्या आत परत निघाले. मधल्या दिवसांत पाहिलं ते एक रानफूल. त्याच्यासाठीच गेले होते.

आमच्या आजऱ्याकडे त्याला सोनकी म्हणतात. श्रावण सरत आला की माळावर, बांधावर, दगडाच्या फटीत कुठेही उगवते. पिवळंजर्द, बोटाच्या पेराएवढं फूल. आमच्याकडे तिला मान नाही. जनावरं तोंड लावत नाहीत, बायका केसांत माळत नाहीत, गौरीच्या पुढेही कुणी ठेवत नाही. शाळेत सूर्यफुलाचं कूळ शिकवताना मी सूर्यफूल, झेंडू, शेवंती सांगायची आणि तास संपायला वेळ असला तरच सोनकीचं नाव घ्यायची.

माझा मुलगा अमोल गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी हीच फुलं आणायला गेला होता. भर पावसात. येताना मोटरसायकल घसरली. काही आठवडे दवाखान्यात होता आणि पितृपंधरवडा सरता सरता गेला.

तो डिचोलीजवळ सर्वण गावात एका घरी भाड्याच्या खोलीत राहायचा. सुरुवातीला कारखान्यात होता, मग माती खणायच्या यंत्रावर बसायला शिकला. मोपाला विमानतळाचं काम निघालं तेव्हा तिथं गेला, पण खोली सर्वणचीच ठेवली. कारण विचारलं तर म्हणायचा, "आई, इथली वहिनी जेवायला घालते." दवाखान्यात मी त्या वहिनीला पाहिलं होतं. रोज पेजेचा डबा घेऊन यायची, दाराशी उभी राहायची, जायची. तेव्हा तिला काही विचारायला माझी जीभ रेटली नाही. वर्षभर मात्र मनात एकच प्रश्न घोळत राहिला. असल्या पावसात, असल्या फुलांसाठी, माझ्या पोराला पाठवलं कुणी?

या वर्षी तिचाच फोन आला. "बाई, चवथीच्या आदीं येयात. ताची खोली तशीच आसा."

मी पिशवी भरायला घेतली तसे आमचे हे म्हणाले, "वरीस सरल्याबिगर सणाच्या घरात जातंय व्हय कुणी?" रीत आहे खरी. घरात माणूस गेलं की वर्षभर सण नाही, गोड नाही, तोरण नाही. पण ह्यांचं दुखणं रितीपुरतं नव्हतं. अमोलचं नाव निघालं की हे उठून गोठ्यात जातात. वर्षभर असंच चाललंय. मी म्हटलं, सणाला जात नाही, त्याचं सामान आणायला जाते. निघताना पाहिलं तर माझ्या पिशवीत घनसाळ तांदळाची पुरचुंडी होती. मी ठेवलेली नव्हती.

डिचोलीचा बाजार

आंबोलीचा घाट धुक्यात गेला. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग असं करत दुपारी डिचोलीत उतरले, तर बाजार नुसता रानानं भरलेला. आमच्याकडे गणपतीच्या बाजारात मखर असतं, थर्माकोल असतो, चिनी माळा असतात. इथं बायका रस्त्यावर गोणपाट पसरून जंगल मांडून बसल्या होत्या. लालबुंद कवंडळं, हिरव्या सुपाऱ्यांचे घोस, डहाळीसकट चिकू, मोठाली लिंबं, नावं माहीत नसलेली काटेरी बोंडं. हे सगळं माटोळीसाठी. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर आढ्याला टांगलेली लाकडी चौकट. रानात आणि बागेत त्या दिवसांत जे जे पिकतं, फुलतं, ते तिला बांधायचं, म्हणजे देव बसतो तो रानाच्या सावलीत. मला कल्पना आवडली आणि आवडली याचा राग आला.

मी तशीच पिशवी घेऊन बाजारभर फिरले. सोनकी कुठे दिसली नाही. एका म्हातारीला विचारलं, अशी अशी पिवळी फुलं आहेत का. ती हसली.

"सड्यावरचीं फुलां? तीं कोण विकत घेता, बाई? जाका जाय ताणें वचून हाडपाचीं."

ज्याला हवी त्यानं जाऊन आणायची. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ. म्हणजे या फुलाला इथं नावही नव्हतं, नुसता पत्ता होता. मी बाजाराच्या कडेला उभी राहून जयवंतीवहिनीची वाट पाहू लागले. जाका जाय ताणें. ज्याला हवी त्यानं. मग अमोलला कशाला हवी होती?

सर्वण

जयवंतीवहिनी स्कूटरवरून आली. पन्नाशीची बाई, नऊवारीत शोभली असती, पण पंजाबी ड्रेस, पायात प्लास्टिकच्या चपला, डोक्यावर हेल्मेट. "बसा बाई," एवढंच म्हणाली. मी जन्मात कधी बाईमाणसाच्या मागे स्कूटरवर बसले नव्हते. एका हातात छत्री, एका हातात तांदूळ, धरायचं कशाला, हे कळेना. शेवटी तिच्या खांद्याला धरलं. वर्षभर जिच्यावर दात खाल्ले तिच्याच खांद्याला.

घर सुपारीच्या बागेला लागून. तिचे यजमान दामोदरबाब मितभाषी, कंबरेला पंचा, हात सुपारीच्या रसानं काळपट. दोघांना मूल नाही. अमोलची खोली पडवीला होती. पांघरूण घडी घातलेलं, जनेलाला धुतलेला पडदा. इकडे खिडकीला जनेल म्हणतात. अमोलही फोनवर तसंच म्हणायला लागला होता आणि मी त्याला चिडवायची, आता लग्नही तिकडचीच बघून कर म्हणून. त्या पडद्याजवळ उभी राहून मी बराच वेळ रडले. कुणी आत आलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

संध्याकाळी मडक्यातली उकड्या तांदळाची पेज, सोबत सुकं खोबरं नि मिरची. स्वयंपाकघरात नेवऱ्या तळायचं चाललं होतं. नेवरी म्हणजे आपली करंजी. घरभर वास होता, पण माझ्या ताटात एकही आली नाही. मी सांगितलं नव्हतं. तिनंच लक्षात ठेवलं होतं.

अंगणात माटोळीची चौकट धुऊन भिंतीला उभी केली होती. जुनी, फणसाच्या लाकडाची. एका कोपऱ्याला सालीची वाळकी दोरी तशीच लटकत होती. बाकी चौकट घासून लख्ख आणि तेवढाच कोपरा काळा. शिक्षिकेची खोड, मी म्हटलं, "एवढं राहिलंय की."

दामोदरबाब म्हणाले, "तें रावंदी."

राहू दे. मग त्यांनी आपणहून सांगितलं की या घरात ज्यानं जी वस्तू आणली ती त्यानंच बांधायची. नारळ आणि सुपारी ते बांधतात, भाज्या-फळं वहिनी. "आनी सड्यावरचीं फुलां?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

आतून जयवंतीवहिनी म्हणाली, "ह्या वर्सा तीं घालपाचीं नात." घालायची नाहीत.

"मला ती बघायची आहेत," मी म्हटलं. "जिथून आणली तिथं जाऊन."

तळणातला झारा थांबला. ती म्हणाली, "फाल्यां सकाळीं व्हरतां तुमकां." उद्या सकाळी नेते.

सडा

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत आला. गरम पाव आणि चहा घेऊन आम्ही निघालो. साळच्या बाजूनं नदी ओलांडून इब्रामपूर, मग चांदेल. पेडण्यात शिरलं की भाषा बदलते, जरा मालवणीकडे झुकते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात पोटरीला आलेलं. मागे बसून मला तिचं बोलणं वाऱ्यात अर्धंच कळत होतं, पण एवढं कळलं की मोपा तिचं माहेर. सड्यावर तिच्या वडिलांची गुरं चरायची, काजूची झाडं होती. चतुर्थीला त्यांच्या घरच्या माटोळीत दुसरं काही नसलं तरी ही पिवळी फुलं असायचीच. लग्न होऊन सर्वणला आली त्या पहिल्या चतुर्थीला माहेराहून व्हजें आलं. लेकीच्या सासरी फळं, फराळ, माटोळीचं सामान पाठवतात, त्याला तसं म्हणतात. त्यात वडिलांनी फुलांची जुडी घातली होती. वडील असेतो दर वर्षी जुडी यायची. मग ते गेले, भाऊ पेडण्याच्या गावात राहायला गेला आणि सड्यावर विमानतळाचं काम सुरू झालं.

एका वळणावर तिनं स्कूटर थांबवली. समोर तारेचं उंच कुंपण, पलीकडे सपाट, लांबच लांब. अलीकडे काळ्या-तांबड्या दगडाचा एक पट्टा उरला होता आणि त्यावर सोनकी फुलली होती. मी एवढी एका जागी आमच्याकडेही पाहिलेली नाही. पाऊस थांबला होता. उन्हाची तिरीप आली की तो सगळा पट्टा हळदीनं माखल्यासारखा दिसायचा. माझ्या पोराचा जीव घेणारी वस्तू कशी असेल याचं वर्षभर मी मनात चित्र रंगवलं होतं. ही तर आमच्या बांधावरचीच. घरापासून हाकेवर उगवणारी.

"पयल्या वर्सा तो हेल्मेटांत घालून घेवन आयलो," जयवंतीवहिनी म्हणाली. "ताचें मशीन थंयच चलतालें." तिनं कुंपणाच्या आत बोट दाखवलं. "तो म्हणालो, वयनी, तुमचें कुळार खणून काडलां हांवें. मशीन लावचे पयलीं इतलीं काडून दवरलीं."

कुळार म्हणजे माहेर. माझा अमोल असं बोलला असेल, हे मला लगेच पटलं. तो तसाच होता. पोटापाण्यासाठी यंत्र चालवायचं ते चालवलं, पण आधी खाली उतरून हेल्मेट भरून फुलं तोडली. काम संपलं, विमानं उडायला लागली, तो दुसरीकडे यंत्रावर गेला, तरी दर चतुर्थीला इथं येत राहिला. मला फोनवर एवढंच म्हणायचा, "आई, इथं आपल्या सोनकीला मान आहे." मी म्हणायची, बरं आहे बाबा, आणि जेवलास का विचारायची.

मी तोंड उघडणार इतक्यात तीच म्हणाली.

"बाई, हांवें धाडलो ताका."

तिनंच पाठवलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"पावस आशिल्लो. तो म्हणालो, वयनी, फाल्यां हाडटां. हांवें म्हटलें, फाल्यां माटोळी बांधपाची, आयजूच वच." आजच जा.

वर्षभर शब्द जुळवून ठेवले होते. ते सगळे गळून गेले आणि भलतंच बाहेर आलं. मी ओरडून म्हटलं, "चार फुलं कमी पडली असती तर तुमचा गणपती रुसला असता का?"

"ना," ती म्हणाली. "रुसचो नाशिल्लो. देवाक नाका आशिल्लीं, बाई. म्हाका जाय आशिल्लीं."

तेवढ्यात कुंपणापलीकडून विमान उठलं आणि त्या आवाजात ती पुढे काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. बाजारातली म्हातारी मात्र आठवली. ज्याला हवी त्यानं जाऊन आणायची. आणि हवी होती हिला. मला जयवंतीवहिनीचा भयंकर राग आला. तशीच चालायला लागले, कुठे ते न बघता. सडा पावसाळ्यात शेवाळानं बुळबुळीत असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाय गेला. तिनं मनगट धरलं आणि मला सावरता सावरता तीही आपटली. आम्ही दोघी पाण्यात बसलो. माझं कोपर फुटलं, लुगडं तांबडं झालं, छत्री घरंगळत कुंपणाला जाऊन अडकली. एरवी अशा फजितीवर मी घरी गेल्यावर महिनाभर विनोद केले असते. तिथं मला फक्त रडू आलं. ती आधीच रडत होती. मनगट तिनं सोडलं नव्हतं.

मी तिला माफ केलं असं लिहिलं तर खोटं होईल. अजूनही केलेलं नाही. पण तिच्या बापाच्या घरचं एवढंच काय ते उरलं होतं, आणि माझ्या पोरानं ते तिला वर्षानुवर्षं आणून दिलं, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी मला तिथं एकदमच कळल्या. त्यातली कुठलीच दुसरीला पुसत नाही.

"गेल्या वर्षीची फुलं कुठं गेली?" मी विचारलं. पिशवी त्याच्या गाडीला तशीच अडकलेली सापडली होती, दामोदरबाबांनी ती नदीला सोडली, असं तिनं सांगितलं. माटोळी त्या फुलांवाचूनच बांधली होती.

मग मी उठले आणि सोनकी तोडायला लागले. का, ते मला सांगता येणार नाही. तो ज्यासाठी निघाला होता ते काम अर्धं राहिलं होतं, एवढंच मनात होतं. जयवंतीवहिनी तशीच बसून पाहत राहिली. तिनं एकाही फुलाला हात लावला नाही.

परतताना अस्नोड्याकडून आलो. मुळगावाला खाणीच्या मातीचा डोंगर एका बाजूला आणि त्याच्या पायथ्याशी हिरवंगार भात, मध्ये तांबड्या पाण्याचा ओहोळ. एक बाई त्या ओहोळाच्या काठानं बांध घालत होती. फुलं मी पदरात धरली होती. वाऱ्यानं पाकळ्या उडू नयेत म्हणून सगळा रस्ता त्यांच्यावर वाकून बसले.

माटोळी

दुपारी चौकट आढ्याला चढली. दामोदरबाब स्टुलावर, वहिनी खालून एकेक वस्तू देते आहे. नारळांचा घड, सुपारीचे घोस, कवंडळं, चिबूड. बघता बघता घरात रान उतरलं. शेवटी तो काळा कोपरा राहिला. दामोदरबाब खाली उतरले आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बाई, हाडलीं तुमी. तुमीच बांधचीं."

"आमचं वर्ष सरलेलं नाही," मी म्हटलं. "माझ्या हातानं काही बांधायचं नसतं."

ते म्हणाले, "म्हणून तें दवरलां." म्हणून ते ठेवलंय.

मला कळलं नाही. स्टुलावर चढून पाहिलं. दोरी वाळून काळी झाली होती, पण फास तसाच होता, रिकामा. दोन पीळ आणि शेंडा उलटा आत खुपसलेला. ही गाठ मी ओळखली नसती तर कुणी ओळखली असती? सुगीला भाताची पेंढी आमचे हे अशीच आवळतात. अमोल लहान असताना ह्यांच्या मांडीला मांडी लावून शिकला होता. गाठीत जुडी नुसती वरून खोवता येते आणि खेचली की जास्तच आवळते. अपघाताच्या आदल्या वर्षी, चतुर्थीला त्यानं बांधलेली. सगळी माटोळी सोडली, हा फास मात्र दामोदरबाबांच्यानं सुटला नव्हता. तेव्हापासून तो तसाच राहिला होता.

मी काहीच बांधलं नाही. सोनकीची जुडी त्या फासात खोवली, देठ धरून खाली ओढली. गाठ आवळली. फुलं तिथं राहिली.

खाली उतरले तेव्हा जयवंतीवहिनी भिंतीला टेकून उभी होती, पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडाला लावून. तिनं वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी अंगणात आले आणि घरी फोन लावला.

ह्यांनीच उचलला. मी म्हटलं, "सामान बांधलंय. सकाळच्या गाडीनं निघते." पलीकडून हं आलं. मग मी म्हटलं, "इथं त्यानं बांधलेली गाठ आहे. पेंढीची. तुम्ही शिकवलेली. अजून तशीच आहे."

वाटलं, फोन ठेवून गोठ्यात गेले. पण श्वास ऐकू येत होता.

मग ह्यांनी विचारलं, "घट्ट हाय न्हवं?"

"आहे," मी म्हटलं.